प्रबंधाची एम.एस्सी. : दोन कमला आणि जीवविज्ञानातील एक पदवीमार्ग (१९३३–१९४३)

प्रस्तावना

विद्यापीठीय शिक्षणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा विद्यापीठांची स्थापना, त्यांचे कायदे, शासकीय आयोग आणि कुलगुरूंच्या कारकिर्दी यांकडे जाते. पदवी ही बाब मात्र गृहीत धरली जाते. ती कोणत्या मार्गाने मिळत होती, त्या मार्गाच्या तोंडाशी कोण उभे होते आणि कोणाला तेथून परत पाठविले जात होते, हे प्रश्न चरित्रांतील हकिकतींपुरते उरतात. वस्तुतः पदवीच्या मार्गाचा इतिहास हा शिक्षणाच्या सामाजिक इतिहासाचाच भाग आहे.

आज एम.एस्सी. म्हटले की चार सत्रे, श्रेयांक, लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा आणि फार तर अखेरच्या सत्रातील एक प्रकल्प एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु याच पदवीचा आणखी एक मार्ग होता. मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षे काम करावयाचे, त्याचा प्रबंध लिहावयाचा आणि विद्यापीठाने तो तपासून एम.एस्सी. द्यावयाची. वर्गात हा विषय निघाला की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, त्याला पेपर किती?’ पेपर नव्हे, प्रबंधच तपासला जातो, हे उत्तर त्यांच्या सहजासहजी पचनी पडत नाही.

प्रस्तुत लेखात या मार्गाचा विचार दोन महाराष्ट्रीय स्त्रियांच्या उदाहरणांवरून केला आहे. पहिल्या कमला भागवत, म्हणजे पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेल्या डॉ. कमला सोहोनी (१९११–१९९८). दुसऱ्या कमला समर्थ, म्हणजे कर्करोग-संशोधक डॉ. कमला रणदिवे (१९१७–२००१). दोघींच्या पुढील कर्तृत्वाविषयी बरेच लिहिले गेले आहे, त्यांच्या एम.एस्सी.कडे मात्र चरित्रातील एक पायरी म्हणूनच पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, जे काही ठरले ते बऱ्याच अंशी त्या पायरीवरच ठरले. परीक्षेच्या मार्गावर दार गुणांनी उघडते. प्रबंधाच्या मार्गावर ते एखाद्या माणसाने उघडावे लागते. या मार्गाचे सामर्थ्य आणि त्यातील अन्याय ही दोन्ही याच एका गोष्टीतून निर्माण झाली.

पदवी न देणारी संस्था

जमशेटजी टाटा यांनी १८९८ मध्ये ज्या संशोधन-विद्यापीठाची कल्पना पुढे नेण्यास प्रारंभ केला, ते त्यांच्या हयातीत उभे राहिले नाही. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९०९ मध्ये बंगळूर येथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स स्थापन झाली. विद्यार्थ्यांची पहिली तुकडी १९११ मध्ये दाखल झाली. लोक तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणत. येथे पदवीपूर्व वर्ग नव्हते. जो येई तो संशोधनासाठीच येई.

या संस्थेची एक मर्यादा मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तिला विद्यापीठाचा दर्जा नव्हता. तो मिळाला १९५८ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याखालील अभिमत विद्यापीठ म्हणून. तोपर्यंत येथे संशोधन करणाऱ्याला एम.एस्सी. हवी असेल तर त्याने आपला प्रबंध मुंबई, मद्रास अशा एखाद्या विद्यापीठाकडे सादर करावयाचा. काम बंगळुरात, पदवी मुंबईची, असा हा व्यवहार होता. विद्यापीठाजवळ पदवी देण्याचा अधिकार होता, संस्थेजवळ उपकरणे व मार्गदर्शक होते. ज्या विद्यार्थ्याला पदवी हवी त्याने दोन्ही उंबरे ओलांडणे आवश्यक होते; आणि त्यांपैकी संस्थेच्या उंबऱ्यावर कोणतीही लेखी परीक्षा नव्हती.

१९३३ चा नकार

कमला भागवत यांचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि दोघेही याच टाटा इन्स्टिट्यूटचे आरंभीच्या काळातील विद्यार्थी. कमलाबाईंनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी रसायनशास्त्र हा मुख्य व भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन मिळविली आणि विद्यापीठात पहिला क्रमांक पटकावला. वडील व काका जेथे शिकले तेथेच पुढील संशोधन करावयाचे हे घरात जणू ठरूनच गेले होते. अर्ज गेला आणि नकार आला.

सर चंद्रशेखर वेंकट रामन हे त्याच वर्षी संस्थेचे संचालक झाले होते. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय. १९३० चे नोबेल पारितोषिक त्यांच्या नावावर होते. नकाराचे कारण अर्जदाराच्या गुणपत्रिकेत नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण होते. वडिलांनी व काकांनी रदबदली करून पाहिली. तिचाही उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळुरास गेल्या आणि प्रवेश मिळाल्याखेरीज हलणार नाही अशी भूमिका त्यांनी घेतली. त्या काळात सत्याग्रह हा शब्द सर्वांच्या तोंडी होता. एका वैज्ञानिक संस्थेच्या दाराशी, एका नोबेल विजेत्यासमोर, बावीस वर्षांच्या मुलीने तो केला.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी गणल्या जाणार नव्हत्या. कामाच्या दर्जाविषयी संचालकांचे समाधान झाल्यावरच त्यांच्या कामाला मान्यता मिळणार होती. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते. आणि प्रयोगशाळेचे वातावरण त्यांनी बिघडवावयाचे नव्हते. तिसरी अट आज वाचताना हसू येते. परंतु ज्या मुलीला ती मुकाट्याने मान्य करावी लागली तिला हसू आले नसावे. बरोबर काम करणाऱ्या तरुणांना मात्र अशी कोणतीही अट नव्हती.

ही हकीकत प्रामुख्याने कमलाबाईंनी उतारवयात स्वतः सांगितलेल्या आठवणींवरून आपल्यापर्यंत आली आहे. आठवण हे साधन इतिहासकाराने जपूनच वापरावयाचे असते, विशेषतः साठ वर्षांनंतरची आठवण. तथापि येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. नियमित प्रवेशाआधी एक वर्ष कसोटीवर काढणे ही बाब १९३३ मधील आगमन आणि १९३६ मधील पदवी यांच्याशी जुळते. दुसरे म्हणजे, सांगणाऱ्या बाईंनी आपल्या मार्गदर्शकांविषयी कृतज्ञताच व्यक्त केली आहे. सरसकट कडवटपणा त्यांच्या सांगण्यात नाही. राग होता तो एका नेमक्या वागणुकीविषयी.

जाता जाता नोंदवावेसे वाटते की, थोर लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या दुर्गाबाईंचा निग्रह मराठी वाचकाला परिचित आहे. धाकट्या बहिणीचा निग्रह त्याच्या बेचाळीस वर्षे आधीचा.

डाळीतील नत्र

संस्थेतील जीवरसायन विभागात कमलाबाईंना मार्गदर्शक मिळाले ते श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, विद्यार्थ्याकडून अपेक्षा मोठ्या, आणि स्वतःलाही तोच नियम लावणारे अशी त्यांची ख्याती होती. नामवंत शास्त्रज्ञांचे मूळ लेख वाचावयाचे, शंका आल्यास त्यांच्याशी पत्रव्यवहार करावयाचा, अशी सवय त्यांनी विद्यार्थिनीला लावली. प्रबंधाच्या मार्गाचा खरा अभ्यासक्रम हाच असतो. तो कोठे छापलेला नसतो.

संशोधनाचा विषय होता दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिने. यांपैकी कडधान्यांवरील काम थोडे उलगडून पाहणे आवश्यक आहे, कारण एम.एस्सी.च्या प्रबंधात ‘नवीन’ काय असू शकते याची त्यावरून कल्पना येते. अन्नातील प्रथिने मोजण्याची प्रचलित पद्धत डेन्मार्कमधील योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये शोधलेली होती. धान्याचे पीठ संहत गंधकाम्लात उकळून त्यातील सर्व नत्राचे अमोनियम क्षारात रूपांतर करावयाचे, मग अमोनिया मोकळा करून तो मोजावयाचा. प्रथिनांत सरासरी सोळा टक्के नत्र असते असे धरून आलेल्या नत्राच्या आकड्याला ६.२५ ने गुणिले की प्रथिनांचा आकडा तयार. पद्धत सुटसुटीत आहे. पण तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. डाळीतील सगळा नत्र प्रथिनांतच असतो असे ती धरून चालते. प्रत्यक्षात सुटी अमिनो आम्ले, अमाइडे आणि इतर लहान रेणू यांतही नत्र असतो. प्रथिने आम्लाने साकळवून गाळून टाकली तरी गाळलेल्या द्रवात नत्र शिल्लक राहतो. हा ‘प्रथिनेतर नत्र’ होय.

हा केवळ पारिभाषिक सूक्ष्मपणा नव्हे. ज्या देशातील बहुसंख्य लोकांची प्रथिने डाळीतून येतात, तेथे डाळीतील नत्रापैकी किती खरोखर प्रथिनांचा आणि किती इतर द्रव्यांचा हा प्रश्न पोषणाचा आहे. भागवत व श्रीनिवासय्या यांचा कडधान्यांतील प्रथिनेतर नत्रावरील लेख १९३५ मध्ये इंग्लंडमधील ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे विद्यार्थिनीच्या हाती एम.एस्सी. येण्यापूर्वीच तिचे काम विषयातील एका अग्रगण्य नियतकालिकाने स्वीकारले होते. ज्या प्रयोगशाळेचे वातावरण बिघडेल अशी भीती होती, त्या प्रयोगशाळेला तिच्यामुळे एक लेख मिळाला होता.

एका वर्षाने संचालकांचे समाधान झाले. कमलाबाईंना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. १९३६ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाकडे सादर केलेल्या प्रबंधावर त्यांना विशेष गुणवत्तेसह एम.एस्सी. पदवी मिळाली.

एक टेबल

या पदवीने काय दिले? पहिली गोष्ट म्हणजे शिष्यवृत्त्या, आणि त्यांच्या आधारे १९३७ मध्ये केंब्रिज. न्यूनहॅम महाविद्यालयात त्या दाखल झाल्या. जीवरसायन विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स होते, जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळविलेले. जागा तेथेही सहज नव्हती. विभागातील डॉ. डेरेक रिक्टर यांनी त्यांना दिवसा काम करावयास एक टेबल देऊ केले. रात्री त्याच टेबलावर रिक्टर झोपत असत, असे सांगितले जाते. बंगळूर आणि केंब्रिज येथील प्रवेशकथांत फरक आहे तो एवढाच : एका ठिकाणी अटी घातल्या गेल्या, दुसऱ्या ठिकाणी टेबल दिले गेले. दोन्हीकडे निर्णय मात्र कोणत्या ना कोणत्या व्यक्तीच्या इच्छेवर होता.

रिक्टर अन्यत्र गेल्यावर कमलाबाईंनी रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींवर काम केले. बटाट्यावर काम करताना, पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे नेणारे ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य वनस्पतींतही असते, असे त्यांना आढळले. केंब्रिजला पोहोचल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत, १९३९ मध्ये, त्यांनी अवघा चाळीस पानांचा प्रबंध सादर केला आणि पीएच.डी. मिळविली. जाडजूड प्रबंधांची सवय असलेल्या आपल्या विद्यापीठीय जगताने या चाळीस पानांचा थोडा विचार करण्यासारखा आहे. त्याच वर्षी दुर्गाबाईंचा बौद्ध न्यायव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथ पुण्यातून प्रसिद्ध झाला. भागवतांच्या घराला ते वर्ष चांगले गेले.

येथे एका प्रचलित विधानाची दुरुस्ती करणे उचित ठरेल. कमलाबाईंचा उल्लेख ‘विज्ञानातील डॉक्टरेट मिळविणारी पहिली भारतीय स्त्री’ असा सर्रास होतो. तो ब्रिटिश विद्यापीठापुरता घ्यावा. वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्माळ यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. १९३१ मध्येच मिळविली होती. पदव्युत्तर पदवीही त्यांनी तेथूनच, बार्बर शिष्यवृत्तीवर घेतली होती. ‘पहिली’ या विशेषणाच्या मोहात आपण दुसरीचा मार्ग झाकून टाकतो. अम्माळ यांना मिशिगनमध्ये पौर्वात्य स्त्रियांसाठीच स्थापन केलेल्या शिष्यवृत्तीचे दार उघडे मिळाले. कमलाबाईंना स्वदेशातील संस्थेचे दार ठोठवावे लागले. हा फरक ‘पहिली कोण’ या वादापेक्षा अधिक बोलका आहे.

पुण्यातील दुसरी कमला

कमला समर्थ यांची वाट यापेक्षा वेगळी होती. तेथे सत्याग्रह नाही, नाट्य नाही; आणि म्हणूनच कदाचित तिच्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक. मुलीने वैद्यक शिकावे आणि डॉक्टराशीच विवाह करावा अशी त्यांची इच्छा होती. तिने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली, आणि पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशीआनुवंशिकीचा विशेष अभ्यास करून १९४३ मध्ये तिने एम.एस्सी. पदवी घेतली. १९३९ मध्ये गणिती जयसिंग त्रिंबक रणदिवे यांच्याशी तिचा विवाह झाला होता. म्हणजे ही पदवी संसार सांभाळून मिळविलेली आहे. पेशींचा अभ्यास हा वडिलांच्याही आवडीचा विषय होता, आणि पदव्युत्तर अभ्यासात पतीचे साहाय्य झाले, असे तिच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे.

सीताफळाचे कूळ आपल्या अंगणातले आहे. सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा, शोभेसाठी रस्त्याकडेला लावला जाणारा आसुपालव हे सर्व एकाच कुळातील. त्यांतील सीताफळ व रामफळ ही मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील, येथे येऊन रामसीतेची नावे धारण केलेली. अशा कुळातील जातींचे परस्परांशी नाते काय, हे ठरविण्याचे त्या काळातील अद्ययावत साधन म्हणजे गुणसूत्रे. मुळांची कोवळी टोके ठरावीक वेळी कापून स्थिर करावयाची, मेणात बसवून त्यांचे पातळ छेद घ्यावयाचे, रंगवावयाचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली विभागणाऱ्या पेशीतील गुणसूत्रे मोजून त्यांचे रेखाटन करावयाचे. सीताफळाच्या कायिक पेशीत ती चौदा असतात. गुणसूत्रे लहान, एकावर एक आलेली असली की मोजणी चुकते. शंभर छेदांत एखादी चांगली पेशी सापडते. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना या वाक्यातील अतिशयोक्ती जाणवणार नाही.

सीताफळाच्या प्रजातीतील पेशीविषयक अभ्यासावरील एल. एस. एस. कुमार व रणदिवे यांचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९४१ मध्ये, म्हणजे पदवीच्या दोन वर्षे आधी, प्रसिद्ध झालेला आढळतो. कुमार हे कृषी विभागातील वनस्पतिशास्त्रज्ञ होते. येथेही तोच क्रम आहे : आधी काम, मग प्रसिद्धी, मग पदवी.

मुंबईत आल्यावर कमलाबाईंनी टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली (१९४९) आणि नंतर जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. परत येऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. सीताफळ ते कर्करोग हा प्रवास वरवर पाहता विषयांतर वाटेल. तसे ते नाही. दोन्ही ठिकाणी पाहावयाची होती ती विभागणारी पेशीच. पुण्यात जे डोळे तयार झाले तेच मुंबईत उपयोगी पडले.

या दुसऱ्या उदाहरणात दार कोणी अडविले नाही असे म्हणता येईल. परंतु ते आपोआप उघडले असेही नव्हे. जीवशास्त्राचा प्राध्यापक पिता, शास्त्राविषयी आस्था असलेला पती आणि घराजवळच संशोधनाची सोय असलेले महाविद्यालय, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. भागवतांच्या घरीही पिता व काका रसायनज्ञ होते. प्रबंधाच्या मार्गाने आलेल्या या दोन्ही स्त्रिया विज्ञान ज्या घरात आधीच पोहोचले होते अशा घरांतून आल्या, हा योगायोग मानता येणार नाही. परीक्षेचा अर्ज टपालाने मागविता येतो; मार्गदर्शक कोठे भेटतो, त्याच्याशी काय बोलावयाचे, हे ज्ञान घरातून मिळते. ज्या घरांत ते नव्हते, तेथील मुली या इतिहासात दिसतच नाहीत. नकार मिळण्यासाठीसुद्धा आधी अर्ज करावा लागतो.

एम.एस्सी. नसण्याची किंमत

संशोधन करूनही एम.एस्सी. नसेल तर काय होत असे, याचे उदाहरण त्याच बंगळुरात सापडते. ते भौतिकशास्त्रातील आहे, जीवविज्ञानातील नव्हे. तरी मार्गदर्शक रामनच असल्यामुळे आणि प्रश्न पदवीचाच असल्यामुळे ते येथे घेणे युक्त ठरते. ॲना मणी १९४० मध्ये शिष्यवृत्ती घेऊन रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिरे व माणके यांच्या वर्णपटांवर त्यांनी काम केले, शोधलेख प्रसिद्ध केले आणि १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाकडे पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. विद्यापीठाने त्यांच्यापाशी एम.एस्सी. पदवी नाही, या कारणास्तव पीएच.डी. नाकारली. त्यांची बी.एस्सी. ऑनर्स होती, पाच वर्षांचे काम पुढ्यात होते. नियमाला ते पुरेसे वाटले नाही. पुढे त्या हवामानशास्त्राकडे वळल्या आणि भारतीय हवामान खात्यात उपमहासंचालक पदापर्यंत पोहोचल्या, हा भाग निराळा.

कमला भागवत आणि ॲना मणी यांच्या कथा शेजारी ठेवल्या की प्रबंधाच्या एम.एस्सी.चे ऐतिहासिक मोल स्पष्ट होते. पहिलीला संस्थेच्या उंबऱ्यावर अडविले गेले, पण मुंबई विद्यापीठाने प्रबंध तपासून तिला पुढील मार्गाचे प्रमाणपत्र दिले. दुसरी संस्थेत शिरली, आणि विद्यापीठाच्या उंबऱ्यावर तिला थांबविले गेले.

मार्गाचे पुढे काय झाले

स्वातंत्र्योत्तर काळात विद्यापीठांचे पदव्युत्तर विभाग वाढले, विद्यार्थिसंख्या वाढली आणि वर्गातील अध्यापन व परीक्षा हाच एम.एस्सी.चा राजमार्ग झाला. ते स्वाभाविक होते. हजारो विद्यार्थ्यांना एकेक मार्गदर्शक व एकेक टेबल पुरविणे कोणत्याही विद्यापीठाला शक्य नाही. प्रबंधाचा मार्ग पूर्णतः बंद मात्र झाला नाही. मुंबईतील हाफकिन संस्थेसारख्या संशोधनसंस्थांमधून काम करणाऱ्यांनी मुंबई विद्यापीठाची संशोधनाधिष्ठित एम.एस्सी. घेतली, उपयोजित जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन हे त्यांचे विषय. ‘काम एका ठिकाणी, पदवी दुसऱ्या ठिकाणी’ हा १९३०च्या दशकातील व्यवहारच येथे पुढे चालू राहिला.

स्वतः कमला सोहोनी १९४७ मधील विवाहानंतर मुंबईस आल्या आणि विज्ञान संस्थेच्या जीवरसायन विभागात रुजू झाल्या. आता त्या दाराच्या आतल्या बाजूस होत्या. त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्ये, नीरा, ताडगूळ, धानाचे पीठ यांवर संशोधन केले. ट्रिप्सिन या पाचक विकराला अडविणारी द्रव्ये आपल्या कडधान्यांत किती असतात आणि शिजविल्याने ती कितपत निष्प्रभ होतात, हा त्या प्रयोगशाळेचा एक प्रमुख विषय होता. बंगळुरातील एम.एस्सी.च्या प्रबंधात जो प्रश्न होता, डाळीतील किती अंश खरोखर अंगी लागतो, त्याचाच हा पुढचा भाग. पदव्युत्तर प्रबंधातील प्रश्न आयुष्यभर पुरतो तो असा. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना काही वर्षे डावलले गेल्यानंतरच मिळाले.

दरम्यान प्रबंधाचे वजन एम.एस्सी.कडून एम.फिल.कडे सरकले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. बंद केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असावा आणि त्यातील दुसरे वर्ष संपूर्णतः संशोधनाला द्यावे, अशी तरतूद सुचविली आहे. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी अपवादाने चालावयाचा रस्ता आता सर्वांसाठी खुला करण्याचा विचार आहे. धोरणाचा हेतू स्तुत्य आहे. पण त्यात टेबलांची संख्या दिलेली नाही. तालुक्याच्या ठिकाणी पदव्युत्तर प्राणिशास्त्र वा वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या महाविद्यालयात मान्यताप्राप्त मार्गदर्शक एक किंवा दोन आणि वर्गात विद्यार्थी वीस, अशी स्थिती असेल तर त्या वीसांतून दोघांची निवड कोण व कशाच्या आधारे करणार, हा प्रश्न १९३३ च्या प्रश्नाचाच भाऊबंद आहे. गुणांनी निवड केली तर पुन्हा परीक्षेचाच मार्ग. मार्गदर्शकाच्या मर्जीवर सोडली तर पुन्हा तोच उंबरा.

या संदर्भात एक नोंद उरते. १९७३ मध्ये मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत सीताफळाची गुणसूत्रे मोजून एम.एस्सी. झालेल्या कमला रणदिवे अग्रभागी होत्या. १९९७ मध्ये याच संघटनेच्या व्यासपीठावर, सत्काराच्या वेळी, कमला सोहोनी यांनी १९३३ मधील नकाराची आणि अटींची हकीकत सर्वांसमोर सांगितली. पुढच्याच वर्षी दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने योजिलेल्या सत्कारप्रसंगी त्या कोसळल्या, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. ज्या प्रवेशाची ही हकीकत, त्याला तेव्हा पासष्ट वर्षे झाली होती.